बाहेरून कडी

खळ्ळकन साखळी वाजली आणि दाराबाहेर कडी कोयंड्यात बसली.

तांदळाच्या डब्याला फोन टेकवता टेकवता शांभवीचा हात थांबला. जिन्यावरून पावलं खाली गेली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत, सावकाश. दुखऱ्या गुडघ्याची पावलं, सासूबाईंचीच. मग मोरीतला नळ सुटला, बंद झाला, आणि दुपार पुन्हा गप्प झाली.

“आत्ती,” तिनं हाक मारली. पण अशी, की ती दाराच्या अलीकडेच राहावी. चटईवर सई झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक पाय उशीवर. पाच वर्षांच्या पोरीला दुपारचं झोपवायला काय काय करावं लागतं, ते झोपवणाऱ्यालाच ठाऊक. शांभवीनं दार हलकेच ढकललं. फटीतून साखळीचा एक दुवा दिसला आणि दार तिथंच अडलं.

वरच्या खोलीचं दार थेट जिन्यावर उघडायचं. जिना कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरांचा असतो तसाच, उभा आणि अंगावर येणारा. नवऱ्याची, वीरेशची, धाकटी बहीण लहानपणी त्यावरून गडगडत खाली आली होती. तिचा डावा हात आजही पुरता सरळ होत नाही. तेव्हापासून सासूबाईंचा, बसव्वांचा, नेम ठरलेला: वर लेकरू झोपलं की बाहेरून कडी. आणि जिनं लावली तिनंच काढायची, म्हणजे घोटाळा नको. खाली सोप्यात बसून मान वर केली की कडी दिसायची. लावलेली असली म्हणजे वर एकटी सई, झोपलेली. मोठं माणूस आत असताना कडी लावायचं कारणच नव्हतं.

म्हणजे आपण वर आहोत हे आत्तींना माहीत नाही. शांभवी वर आली तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी पालथी घालत होत्या. ती मुद्दामच ती वेळ साधून आली होती, निळ्या साडीच्या निऱ्या हातात धरून, पायरी वाजू न देता.

तिनं नवऱ्याला फोन लावला. दुकानात कुठली तरी पंपाची मोटार चालवून बघत होते. त्या घरघरीतून वीरेशचा आवाज आला.

“आत्तींनी कडी लावली. मी आतच हाय,” ती कुजबुजली.

“मग हाक मार की.”

“नको. वर साडी नेसून काय करतीस म्हणून विचारतील.”

“सकाळीच विचारत हुती. शांभवीनं आज डोकं का धुतलं म्हणून.”

“मग? काय सांगितलंत?”

“म्हटलं, डोकं हाय, धुतलं आसंल. ठेवतो, गिऱ्हाईक हाय.”

फोन बंद झाला. तिनं तो पुन्हा डब्याला टेकवला, जरा तिरका केला, मागची कपड्यांची दोरी दिसेनाशी केली. या घरात रेंज येते ती या एकाच खिडकीत.

गगनबावड्याच्या कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायला कुणीतरी हवं होतं, तासिका तत्त्वावर. मुलाखत तिथंच व्हायची होती. पण मांडुकलीजवळ रस्त्यावर कुंभी नदीचं पाणी आलं, एसटी बंद झाली, आणि काल निरोप आला की ऑनलाइनच घेऊ, एक तास घेऊन दाखवा. विद्यापीठातलं तिचं संशोधन सईच्या वेळी अर्ध्यावर सुटलं होतं आणि मग सुटलेलंच राहिलं. दर वर्षी अर्जातला तो रिकामा काळ लांबत चालला होता. यंदाही काही झालं नाही, तर पुढच्या वेळी तिला कुणी मुलाखतीलाही बोलावणार नव्हतं.

गेल्या वर्षी इचलकरंजीहून असंच एक बोलावणं आलं होतं. बसव्वा तेव्हा नको म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी फक्त सईचे कपडे घड्या घालून शांभवीच्या पिशवीत भरले, वर तिची दुधाची बाटली ठेवली, आणि पिशवी उंबऱ्यापाशी नेऊन ठेवली. शांभवीनं ती पिशवी स्वतःच रिकामी केली. त्यावर पुढं कुणी काही बोललं नाही. म्हणून यंदा तिनं वीरेशखेरीज कुणाला सांगितलंच नव्हतं.

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात प्राचार्य, कानाला मफलर गुंडाळलेले. त्यांच्या मागच्या खिडकीत नुसतं धुकं. दुसऱ्यात विद्यापीठानं नेमलेल्या विषयतज्ज्ञ, प्रमोदिनी मॅडम. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

“पहिल्या वर्षाची मुलं समोर आहेत असं समजा,” प्राचार्य म्हणाले. “बारावीला सगळं पाठ करून आलेली. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला तास घ्या.”

तिनं घसा साफ केला. सईकडं एकदा बघितलं. मग आवाज खालच्या पट्टीत ठेवूनच ती सुरू झाली. चुलीवरचं चहाचं उघडं भांडं: वाफही बाहेर जाते, उष्णताही जाते. झाकण घट्ट बसवलं तर वाफ आतच राहते, उष्णता मात्र जातच असते. आणि तिसरा तो थर्मास, ज्यातून काही आत-बाहेर होऊ नये अशी आपली इच्छा असते.

“म्हणजे थर्मास आयसोलेटेड सिस्टीम?” प्रमोदिनी मॅडमनी मान वर न करता विचारलं.

“नाही मॅडम. सकाळी भरलेला चहा संध्याकाळी कोमट होतोच. अगदी पूर्ण बंद असं घरात काही सापडत नाही. ते पुस्तकात असतं.”

त्याच वेळी दाराखालच्या फटीतून भाजल्या शेंगदाण्यांचा वास आला. खाली लोखंडी कढईत उलथणं फिरत होतं. शांभवीला पुढचं वाक्य क्षणभर सापडेना. मग सापडलं.

“एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं मुलं म्हणतील,” मॅडम म्हणाल्या. “बरोबर?”

“सोपं म्हणून आपणच त्यांना हा शब्द देतो, आणि मग तो परत घ्यायला दोन वर्षं जातात.”

आता मॅडमनी वर बघितलं.

शांभवीनं सईची पाटी पुढं ओढली. पाटीच्या मधोमध खडूनं रेघ मारली. खेळातले चार चिंचोके घेऊन त्यांवर खडूनं वेगवेगळ्या खुणा केल्या आणि चारही रेघेच्या डाव्या बाजूला ठेवले. सगळे एकीकडे ठेवायचे तर मांडणी एकच, ती म्हणाली. एक उचलून पलीकडं ठेवायचा तर कुठला, म्हणून चार तऱ्हा. दोन इकडं आणि दोन तिकडं, तर सहा. ती चिंचोके सरकवत गेली, फोन जवळ घेऊन दाखवत गेली. बोटं खडूनं पांढरी झाली.

“यांना कुणी ढकलत नाही,” ती म्हणाली. “मधोमध जायची यांना ओढही नाही. तसं असण्याच्या तऱ्हाच जास्त आहेत, म्हणून बघावं तेव्हा ते बहुधा तसेच सापडतात. चिंचोके चार असले, तर कधी ना कधी सगळे एका बाजूला दिसतील. पण चिमूटभर मिठातसुद्धा इतके कण असतात की त्यांच्या बाबतीत ते दिसायचं नाही. कुणी मना केलंय म्हणून नाही. फक्त...”

“आई, शू.”

सई उठून बसली होती. गालावर चटईची नक्षी उमटली होती. शांभवीनं पडद्याकडून नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं. सई समजूतदारपणे उठली, दाराशी गेली, दोन्ही हातांनी दार ढकललं. पुन्हा ढकललं.

“आई, कडी हाय.”

“फक्त तेवढा वेळ कुणाकडंच नाही,” शांभवीनं वाक्य पुरं केलं. “सर, एक मिनिट.”

तिनं फोन पालथा घातला. पत्रा गळायचा त्या कोपऱ्यात एक बादली ठेवलेली असे. तिच्या तळाशी रात्रीच्या पावसाचं पाणी होतं. तिनं सईला उचलून त्यावर धरलं. पाण्यात आवाज होऊ नये म्हणून सई थांबत थांबत करू लागली, पूर्ण वेळ आईच्या तोंडाकडं बघत. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. शांभवीनं तिच्या केसांवर ओठ टेकवले आणि तसेच राहू दिले. पालथ्या फोनमधून प्राचार्य कुणाला तरी खिडकी लावायला सांगत होते.

ती परत येऊन बसली तेव्हा सई तिच्या मांडीला टेकून खाली बसली होती, पडद्यात दिसणार नाही अशी.

“कोणी आलं होतं का?” प्रमोदिनी मॅडमनी विचारलं.

“माझी मुलगी उठली. तिला बाहेर नेता आलं नाही. दाराला बाहेरून कडी आहे.”

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. प्राचार्यांनी मफलर कानावरून खाली ओढला.

“बाहेरून?”

तिनं जिन्याचं सांगितलं, नणंदेच्या हाताचं सांगितलं. लेकरासाठी असते ती कडी, माझ्यासाठी नाही, असं हसत म्हणाली. जितकं जास्त सांगावं तितकं ते वाईट दिसत गेलं, म्हणून मग ती थांबली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “बरं. पुढं जाऊ. एखाद्या बदलाचा डेल्टा जी निगेटिव्ह आहे. म्हणजे तो आपोआप व्हायला हवा. तरी होत नाही. का?”

“हिऱ्याचं ग्राफाइट व्हायला हवं. गणित तसं सांगतं,” शांभवी म्हणाली. तिचा हात सईच्या पाठीवर फिरत होता. “पण आपल्या हयातीत ते होत नाही. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये एक चढ असतो. पलीकडचा उतार कितीही मोठा असो, आधी तो चढ चढायला लागतो, आणि त्यापुरती ऊर्जा हाताशी नसली की हिरा हिराच राहतो. होण्यासारखं आहे एवढंच थर्मोडायनॅमिक्स सांगतं. कधी होईल, ते सांगत नाही.”

“मुलं विचारतील, मग हे शिकायचं कशाला?”

“जे होण्यासारखंच नाही, त्याच्यासाठी जन्म घालवू नये म्हणून.”

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

“मी मराठीचा माणूस,” प्राचार्य म्हणाले. “यादीत पुढं स्टेट फंक्शन असं लिहिलंय. मला कळेल असं सांगता येईल?”

“तुम्ही आत्ता बसलाय ती उंची, सर. कोल्हापुरातनं कळेमार्गे सरळ वर या, नाहीतर राधानगरीकडून वळसा घाला, गगनबावड्याची उंची तीच. ते स्टेट फंक्शन. पेट्रोल किती जळलं, किती वेळा गाडी लागली, ते मात्र वाटेवर. आणि वर पोचलेल्या माणसाकडं नुसतं बघून तो कुठल्या वाटेनं आला ते सांगता येत नाही.”

प्राचार्य हसले. “म्हणजे रस्ता बघून ठेवलाय तुम्ही.” मग त्यांचा आवाज बदलला. “मॅडम, आता विचारायला नको, पण विचारतो. आमच्याकडं पावसात चार-चार दिवस रस्ता बंद असतो. त्या दिवसांत इथंच राहावं लागतं. आमच्या आधीच्या मॅडम त्यावरनंच सोडून गेल्या. तुम्हाला जमेल?”

खाली दारावर थाप पडली, आणि लगेच बाळाबाईंचा आवाज आला. या वीरेशच्या चुलत चुलती, दोन घरं सोडून राहणाऱ्या. दुपारी त्यांचा मुक्काम वरच्या खोलीत असायचा. हाक न मारता वर यायच्या, सईला उठवायच्या, पंख्याखाली पाय पसरायच्या आणि पेठेतल्या घराघरांची खबर सांगून व ऐकून जायच्या. पेठेत कुठलीही गोष्ट बाळाबाईंना कळली की दिवेलागणीपर्यंत ती सगळ्यांची झालेली असे.

“कुठं हाय गं माझी साखर?” बाळाबाई विचारत होत्या. “वर हाय व्हय?”

सईनं तोंड उघडलं. शांभवीचा हात तिच्या ओठांवर गेला, पण दाबला नाही. नुसता तिथं राहिला. एक हाक मारली असती तर दार उघडलं असतं. पडद्यात दोघं जण उत्तराची वाट बघत होते.

“वर कोण न्हाय,” खालून बसव्वा म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. “बघ की, कडी लावलीया.”

“मग लेकरू झोपलं आसंल. बघतो की जरा.”

“लेकरू सुनंसंगं गेलंय. कडी मांजरामुळं लावली, दूध सांडतंय.”

“चपला तर हितंच हायत सुनंच्या.”

कढईतलं उलथणं थांबलं. मग पुन्हा फिरलं.

“माझ्या घालून गेली,” बसव्वा म्हणाल्या. “बस खाली. श्यांगदाणं घे. न्हायतर जा, मला काम हाय.”

बाळाबाई कुरकुरल्या, पावणं आलं तर हाकलतीस व्हय म्हणाल्या, बहुधा मूठभर शेंगदाणेही घेतले. मग दार लागलं.

“मॅडम?” प्राचार्य म्हणाले. “आवाज येतोय ना?”

“येतोय, सर.”

“मी विचारलं, जमेल का?”

सईनं आईचा हात आपल्या तोंडावरून काढून घेतला होता आणि त्यावरचा खडू बोटानं पुसत होती. एक बोट स्वच्छ करून तिनं दुसरं धरलं.

“जमवीन,” शांभवी म्हणाली.

प्राचार्य म्हणाले, रीतसर पत्र येईल, रस्ता सुरू झाला की रुजू व्हायचं. आणि ते पडद्यावरून गेले. प्रमोदिनी मॅडम जरा वेळ राहिल्या. काही बोलणार असं वाटलं.

“येताना चिंचोके घेऊन या,” त्या म्हणाल्या. “तिकडच्या लॅबमध्ये फार काही नाही.” मग त्यांचाही चौकोन काळा झाला.

शांभवी फोनकडं बघत बसली. हसू आलं, ते ओठांपर्यंत येऊन तिथंच राहिलं. तिनं साडीनं तोंड पुसलं, एका हातात बादली घेतली, आणि आत्तींना हाक मारायची म्हणून दारावर हात ठेवला. दार उघडलं. साखळी बाहेर लोंबत होती. ती कधी निघाली ते दोघींनाही ऐकू आलं नव्हतं. जिन्यावर कुणी नव्हतं.

बसव्वा सोप्यात सूप घेऊन बसल्या होत्या. भाजलेले शेंगदाणे दोन्ही तळव्यांत चोळायच्या, सालपटं फुंकायच्या. सई धावत जाऊन त्यांच्या पाठीला लटकली.

“आज्जी, आई फोनमधी शिकवत हुती.”

“व्हय? काय शिकीवलं?”

“चिंचोके.”

“चिंचोके काय शिकवायचं आसतंय,” बसव्वा म्हणाल्या आणि एक शेंगदाणा तिच्या तोंडात घातला.

शांभवी शेवटच्या पायरीवर उभी राहिली. निळी साडी, हातात बादली.

“आत्ती, कडी...”

“मांडुकलीचं पाणी वसराय लागलंय म्हणं,” बसव्वा म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. “परवापातूर यष्टी चालू हुईल.”

बादलीची कडी शांभवीच्या हातात करकरली. गगनबावड्याचं नाव तिनं या घरात एकट्या वीरेशपाशी काढलं होतं, तेही दबक्या आवाजात.

बसव्वांनी सूप हलवलं. बरीच सालपटं उडाली, काही त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी ती झटकली नाहीत.

“लेकरू न्ह्यायचं न्हाय त्या पावसात,” त्या म्हणाल्या. “हितंच ऱ्हाईल.”

त्यात विचारणं नव्हतं. रागही नव्हता. शांभवी थोडा वेळ थांबली, आणखी काही येतंय का म्हणून. मग खाली वाकून सासूच्या मांडीवरची सालपटं तिनं वेचली, सुपाच्या कडेला ठेवली, आणि मोरीत गेली.

सई मागोमाग आली. उंबऱ्यावर बसून ती तोंडातला शेंगदाणा चावत राहिली. शांभवीनं बादली ओतली आणि नळ सोडला.

“आई.”

“काय गं?”

“आज्जीनं कडी आपल्याला लावलेली, का बाळाबाई आज्जीला?”

शांभवीनं बादली विसळली. पालथी घातली, पुन्हा सुलटी केली, आणि पुन्हा विसळायला घेतली.